सगळ्यांच्यातला ग्लास

प्रिय बाबा,

जय भीम.

बघा, मी आधी म्हटलं. फोनवर नेहमी तुम्ही आधी म्हणायचात, आणि मी उत्तरात "हं, बोला बाबा" म्हणायचे. कारण शेजारच्या खोलीत रूममेट असायची. नाहीतर मी लॅबच्या व्हरांड्यात असायचे आणि आजूबाजूला आपली मराठी माणसं असायची. तुमच्या ते लक्षात आलं नसेल, असं मी स्वतःला सांगत राहिले. चाळीस वर्षं इंजिनाचा नुसता आवाज ऐकून बिघाड सांगणारा माणूस तुम्ही! तुमच्या लक्षात कसं येणार नाही? एकदा तरी माझा कान पिळायला हवा होता.

उद्या बुद्धपौर्णिमा आहे. इथं तिला वेसाक डे म्हणतात, सगळ्यांना सुट्टी असते. उद्या दुपारी सेरंगून भागातल्या दिदीकडे मी आठ जणांचं जेवण सांगितलं आहे. त्याआधी तुमच्याशी बोलायचं आहे, कारण उद्या तिथं मी जे करणार आहे, ते खरं तर तुमच्यासमोर करायला हवं होतं.

दिदीचं हॉटेल आठवतं ना? न आठवायला काय झालं! दुमजली दुकानांच्या रांगेतला तो तळमजला, दहा-बारा टेबलं, त्यांच्यावर फुलाफुलांचं प्लॅस्टिक. आत एका बाजूला दिदीची चूल. ती पोखऱ्याकडची नेपाळी, तिच्याकडे डाळ-भात, मोमो, शेवयांचा थुक्पा. दुसऱ्या बाजूला तिच्या नवऱ्याची, म्हणजे इथल्याच चिनी अंकलची भली मोठी कढई. मेनूकार्डाचं एक पान तिचं, एक त्याचं. दोघांचं भांडण झालं की गिऱ्हाइकाला लगेच कळायचं, कारण त्या दिवशी दिदी अंकलचं पान उघडूच द्यायची नाही.

तुम्ही आलात तेव्हा सार्सची साथ येऊन गेल्याला दोनेक वर्षं झाली होती. अकोल्याच्या डेपोतून हेड मेकॅनिक म्हणून रिटायर झालेला माणूस, पासपोर्ट पहिलाच. पुंगोलच्या आमच्या फ्लॅटखालून ती बिनड्रायव्हरची छोटी रेल्वेगाडी सुटायची. तुम्ही पहिल्याच दिवशी पुढच्या काचेशी जाऊन उभे राहिलात आणि म्हणालात, "चालवनारा कुठी आहे व?" नाहीच म्हटल्यावर तुमचा चेहरा असा पडला, जणू एखाद्याची नोकरी आत्ताच तुमच्या डोळ्यांदेखत गेली असावी. मग महिनाभर तुम्ही त्याच काचेशी उभं राहून प्रवास केलात. कुणीतरी लक्ष ठेवायला पाहिजे, म्हणालात.

दिदीकडचे मोमो पाहून तुम्ही त्यांना उकडलेल्या करंज्या ठरवून टाकलंत. टोमॅटोची ती तिखट चटणी बोटानं चाखलीत आणि आपल्या ठेच्याची सख्खी बहीण आहे असा निकाल दिलात. दिदी डाळ-भात न विचारता परत वाढायची. तुम्ही हात आडवा धरायचात, पण भात पडून गेल्यावर. आईला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, इथंही असंच करतात.

आणि जेवण झालं की तुमचं ते ताट.

आपल्या घरचा कायदाच होता, "ज्याचं ताट त्यानं घासाचं." तुम्ही डेपोतून कितीही दमून आलात तरी तुमचं ताट आईनं कधी घासलं नाही. शेजारच्या बायका तिला म्हणायच्या, नशीब काढलंस बाई! लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचे बाबा असेच असतात. हा कायदा कुठून आला तेही तुम्ही सांगितलं होतंत. गावच्या हॉटेलाबाहेर खिळ्याला आपल्या लोकांसाठी वेगळी कपबशी टांगलेली असायची. चहा बाहेर उभ्यानं प्यायचा, कप आपला आपण विसळायचा आणि परत खिळ्याला लावायचा. दीक्षा घेऊन आल्यावर आजोबांनी त्या हॉटेलाची पायरी सोडली ती सोडलीच. मग मी विचारलं होतं, तेव्हा घासायला लावायचे, तर आता तुम्ही कशाला घासता? तुम्ही म्हणालात, "तवा दुसऱ्यानं सांगितलं म्हणून. आता मी सांगतो म्हणून." मला सातवीत ते कळलं होतं हो. पीएचडी झाल्यावर विसरले.

आता मुग्धाताईबद्दल सांगते. तुम्ही तिला एकदाच पाहिलंत.

ती पुण्याची, लॅबमध्ये मला सीनियर. मी नवीन आले तेव्हा तापानं फणफणले होते, तर तिनं मला तिच्या घरी नेऊन आठवडाभर पेज पाजली. संक्रांतीला तिळगूळ, दिवाळीला फराळ, सगळं तिच्याकडे. परक्या देशात तेच माझं माहेर झालं. पहिल्याच भेटीत तिनं प्रेमानं विचारलं होतं, "वाडेगावकर म्हणजे देशस्थ का गं?" मी हसले आणि पाणी प्यायले. बास. त्या एका हसण्यावर तीन वर्षं काढली.

ती वाईट नाही, बाबा. हेच तर अवघड आहे. वाईट असती तर मी पहिल्या दिवशीच तिला सुनावलं असतं, जीभ काही तुम्ही कमी धारेची दिलेली नाही. पण एकदा लॅबमधल्या एका मुलाबद्दल ती सहज म्हणाली, कोट्यातून आलाय, तरी हुशार आहे हो. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. त्यानंतर तोंड उघडायचं म्हणजे आधी ती मान परत घ्यावी लागणार होती.

तर तो रविवार. आपलं जेवण अर्धं झालं होतं आणि मुग्धाताई, तिचा नवरा आणि लॅबमधले दोघं आत आले, शेजारच्याच टेबलावर बसले. तुम्ही उठून उभे राहिलात. हात जोडलेत. तोंडावर ते तुमचं नेहमीचं मोठं हसू. तुम्ही 'ज' म्हणण्याआधी माझ्याकडे पाहिलंत. माझ्या तोंडावर काय होतं ते मला माहीत नाही, पण तुम्ही नुसतं "नमस्कार" म्हणालात.

चाळीस वर्षं डेपोत साहेबापासून हमालापर्यंत सगळ्यांना जय भीम घालणारा माझा बाप माझ्यासाठी नमस्कार म्हणाला!

तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. जेवण झालं, तुम्ही सवयीनं ताट उचललंत आणि मागच्या मोरीकडे निघालात. मुग्धाताईच्या नवऱ्यानं वळून पाहिलं. नुसतं पाहिलं, बिचाऱ्यानं काही म्हटलंही नाही. आणि मी दातओठ खात म्हणाले, "ठेवा ते खाली. आपण काय कुणाचे नोकर आहोत?"

तुम्ही ताट ठेवलंत. बसलात. टेबलं पुसणारी ती म्हातारी चिनी मावशी आली आणि तुमचं उष्टं ताट उचलून घेऊन गेली. ती जाईपर्यंत तुम्ही मान वर केली नाहीत.

परतीच्या गाडीत तुम्ही पुढच्या काचेशी गेला नाहीत, माझ्याजवळ बसलात. मग विचारलंत, "त्यायले माहीत नाही का, आपण कोन आहो ते?" मी म्हणाले, तसा विषय निघाला नाही. तुम्ही "हं" म्हणालात. रागावला असतात तर मी भांडले असते, रडले असते, काहीतरी झालं असतं. त्या "हं"चं मी काय करू? तो अजून माझ्यापाशी आहे.

तुमचे राहिलेले तीन आठवडे मी घरीच स्वयंपाक केला. बाहेरचं खाऊन पोट बिघडेल म्हणाले. तुम्ही मुकाट्यानं खाल्लंत. अकोल्याला परतलात आणि चार महिन्यांत गेलात. मी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. आई म्हणाली, जाण्याच्या आदल्या दिवशीही ताट स्वतःच घासलं. त्यानंतर वर्षभर मी दिदीच्या गल्लीतून गेले नाही. मुग्धाताईनं एकदोनदा विचारलं, तर मोमोंचा कंटाळा आला म्हणून सांगितलं. खोटं बोलायला एकदा सुरुवात केली की मोमोंबद्दलही खोटंच बोलावं लागतं.

मागच्या शनिवारी कुकर घ्यायला सेरंगूनला गेले होते. दिदीनं दारातून पाहिलं आणि रस्ता ओलांडून आली. हाताला धरून आत बसवलं आणि पहिलं काय विचारावं? बाबूजी कधी येणार पुन्हा? मी सांगितलं. ती तशीच समोरच्या खुर्चीवर बसली. अंकलनं कढईखालचा गॅस बंद केला आणि तोही येऊन उभा राहिला.

मग तिनं जे सांगितलं ते तुम्ही मला का नाही सांगितलंत?

म्हणे त्या तीन आठवड्यांत मी लॅबला गेले की तुम्ही रोज दुपारी एकटे तिच्याकडे यायचात! स्टेशनांची नावं मराठीत लिहिलेली चिठ्ठी खिशात, आणि बोटांवर मोजत. आणि मी बावळट, डब्यात तुमच्यासाठी मऊ खिचडी ठेवून जायचे. कोण खायचं ती खिचडी? दिदी म्हणाली, तुम्ही ती टेबलं पुसणाऱ्या मावशीसाठी आणायचात आणि दोघं एकमेकांची भाषा येत नसताना तासभर गप्पा मारायचात.

जेवण झालं की ताट घेऊन मागे. पहिल्या दिवशी दिदीनं तुमच्याशी झटापट केली, एवढा मोठा माणूस आमच्याकडे भांडी घासतो म्हणजे पाप आहे म्हणाली. तुम्ही हसून घरचा रिवाज सांगितलात. तिला राहवेना. चौथ्या की पाचव्या दिवशी तिनं माहेरून आणलेला स्टीलचा ग्लास तुमच्या मानासाठी काढला, लख्ख घासला आणि वरच्या फळीवर वेगळा ठेवला. तुम्ही आलात की त्यातून पाणी. तुम्ही विचारलंत, यातून दुसरं कुणी पितं का? ती मोठ्या अभिमानानं म्हणाली, कुणालाच देत नाही, हा फक्त बाबूजींचा.

तुम्ही ग्लास तसाच खाली ठेवलात. पाणी प्यायला नाहीत.

मग तुम्ही तिला त्या खिळ्याची आणि कपबशीची गोष्ट सांगितलीत, तुमच्या डेपोतल्या हिंदीत. ती रडायला लागली, तिला कुठं माहीत होतं? तिनं तर मानच दिला होता. उलट तुम्हीच तिची समजूत काढलीत. ती वाक्यं तिला जशीच्या तशी पाठ आहेत. "ग्लास अच्छा है, बेटी. सब में रख दो. मेरे हाथ में आ गया तो पी लूँगा."

बाबा, हॉटेलवाल्या एका नेपाळी बाईला तुम्ही पाच दिवसांत सांगितलंत. मी मुग्धाताईची तीन वर्षं पेज खाल्ली आणि मला ते सांगता आलं नाही.

मी दिदीला विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणाले का? मला वाटलं होतं, आता काहीतरी कडू ऐकायला मिळेल, आणि मिळायलाच हवं. ती म्हणाली, मी त्यांना विचारलं होतं की बेटीला का आणत नाही? तर तुम्ही म्हणालात, "ठंडा इंजन है. टाइम लेगा."

मी तिथंच, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर, हमसून हमसून रडले. अंकलनं माझ्यापुढे त्याच्या पानावरचं सूप आणून ठेवलं आणि दिदीनं त्याला अडवलं नाही.

तर बाबा, इंजिन गरम झालंय. वेळ फार घेतला, तेवढं माफ करा.

परवा मी मुग्धाताईच्या गोतावळ्यातल्या आठही जणांना एसएमएस केला. पहिला शब्द जय भीम. पुढं लिहिलं, वेसाकच्या दिवशी माझ्या वडिलांच्या आठवणीत जेवायला या, आम्ही बौद्ध आहोत, हे मी आधीच सांगायला हवं होतं. पाठवायच्या बटणावरून अंगठा दोनदा मागे घेतला. पण दाबलं. दोघांचं लगेच 'येतो' आलं. एकाचं काहीच आलं नाही, आणि काल लॅबमध्ये तो कॉफी न घेताच निघून गेला.

मुग्धाताईचा फोन आला. आवाज उतरलेला होता. म्हणाली, "मला इतकं परकं समजलीस?" जुनी मी असते तर लगेच सॉरी सॉरी म्हणून विषय मिटवला असता. मी म्हणाले, "ताई, तुम्ही देशस्थ का विचारलंत तेव्हा मी हसले, ती माझी चूक. आणि कोट्यातला असून हुशार म्हणालात, ती तुमची. दोन्ही बोलायला या." ती म्हणाली, बघते जमतं का. जमेल की नाही मला माहीत नाही. ते माहेर उद्यानंतर राहील की सुटेल, तेही माहीत नाही. सुटलं तर मला फार दुखेल, हे तुमच्यापाशी कशाला लपवू? पण आजोबांचाही चहा सुटला होताच की, आणि ते काही चहावाचून मेले नाहीत.

उद्याचं वचन घ्या. आठ येवोत, दोन येवोत, मी दारात उभी राहीन, हात जोडीन आणि तुमच्या तोंडातच राहून गेलेला तो शब्द मोठ्यानं म्हणेन. जेवण झालं की माझं ताट मी उचलीन आणि सगळ्यांच्या देखत मागच्या मोरीवर घासीन. कुणी का म्हणून विचारलं, तर खिळ्यापासून सगळं सांगीन. मावशीसाठी डब्यात खिचडीही नेईन.

तुमचा ग्लास मी दिदीकडे मागितला होता. ती फळीकडे बघून हसली. तुम्ही सांगितलंत तसाच तिनं तो सगळ्यांच्यात मिसळून टाकलाय, आता कुठला तो तिलाही ओळखू येत नाही.

म्हणून उद्या जो हाताला येईल, त्यातून पाणी पिईन.

जय भीम, बाबा.

तुमची,
सुजाता