नावघाटाची आणि इतर किरकोळ मालमत्तेची व्यवस्था

मी, अंबाजीराव रणोजीराव माने, वय एकोणपन्नास, धंदा पूर्वी सायबर कॅफे व आता झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज, राहणार सरस्वतीपुरम, म्हैसूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांचे पत्र सोबत जोडले आहे. त्या पत्रासाठी मला आज कोणता वार हे विचारण्यात आले. मी बरोबर सांगितला. तारीख डॉक्टरांनी चुकीची घातली, ती मी दुरुस्त करून घेतली. दडपण म्हणाल तर स्वादुपिंडातल्या गाठीचे आहे, माणसाचे कुणाचे नाही. मुदत दसऱ्यापर्यंत असल्याचे सांगण्यात आले. कोणत्या दसऱ्यापर्यंत, असे मी विचारणार होतो. पण पत्नीने टेबलाखालून माझा पाय दाबला.

वकील बिंदुमाधव हे माझे शाळासोबती. ते म्हणाले, कन्नडमध्ये लिही, नाहीतर इंग्रजीत, कोर्टाला सोपे जाईल. मी मराठीत लिहितो आहे. आमचे पूर्वज तलवार घेऊन या गावात आले आणि नातवंडांना कन्नड शाळेत घालून गेले. घरी जी मराठी उरली तिच्यात मराठी शोधावी लागे. लिहिण्याजोगी मराठी मी अठ्ठाविसाव्या वर्षी शिकलो, तीही एका व्हिडिओ गेमच्या चाहत्यांच्या संकेतस्थळावर. त्याची व्यवस्था कलम पाचमध्ये आहे. खरे सांगायचे तर हा सगळा कागद त्या एका कलमासाठी आहे. बाकीची कलमे पाकिटाला वजन यावे म्हणून.

कलम एक. राहते घर पत्नी सहाना हिला. ते तिचेच होते, कागदावर तेवढे माझे नाव होते. हे लिहीत असताना ती दोनदा येऊन म्हणाली, “सुम्ने काय लिहीत बसलात? सारु गार झालं.” सुम्ने म्हणजे उगाच. तिचा मुद्दा बरोबर आहे.

कलम दोन. बँकेत जे असेल ते सहाना आणि मुलगी यशस्विनी यांना निम्मे निम्मे. त्यातून माझ्या नावाने कुठलेही जेवण घालू नये. जे जेवायला येतील ते भेटायला आले नव्हते.

कलम तीन. वडिलोपार्जित तलवार चुलतभाऊ खंडोजीराव यांना. दरवर्षी आयुधपूजेला मी तलवारीशेजारी कॅफेतले कीबोर्ड मांडायचो आणि त्यांनाही कुंकू लावायचो. दरवर्षी खंडोजीराव पाहुण्यांना सांगायचे, “आपण शिपायांची अवलाद, आणि हा बघा, बटणं दाबतो!” तर आता शिपायांच्या अवलादीने तलवार न्यावी. अट एकच: तेल स्वतःच्या हाताने लावायचे. गेली वीस वर्षे ते मी लावतो आहे.

कलम चार. झेरॉक्स मशीन, दोन प्रिंटर आणि माळ्यावरचे अकरा जुने मॉनिटर जो कुणी शिडीवरून खाली आणेल त्याचे.

कलम पाच. नावघाट.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, म्हणजे सर्वांसाठी: ‘केल्व्हन फेरी’ ही परदेशी व्हिडिओ गेमची मालिका. तिचे एकूण भाग तीन. खेळणारा नावाडी असतो. नदीपलीकडे माणसे न्यायची. नावेत जागा थोडी, काठावर गर्दी. कुणाला मागे ठेवले याचा हिशेब पुढच्या भागात द्यावा लागतो. दुसऱ्या भागात काठावरचे सतरा कंदील पेटवले की धुके हटते आणि पैलतीर दिसतो. तिसऱ्या भागाच्या शेवटी नावाडी स्वतः नावेत बसतो आणि वल्ही कुणाकडे द्यावी हे न कळून थांबतो. तिथे खेळ संपतो. चौथ्या भागात कळणार होते.

२००४ साली उदय पाटणकर साताऱ्याहून इथे कंप्यूटरच्या नोकरीवर आला. बोगादीतल्या त्याच्या खोलीत इंटरनेट नव्हते, म्हणून दर रविवारी माझ्या कॅफेत सहा नंबरच्या मशीनवर. एकदा त्याने माझ्या पडद्यावर नदी पाहिली.

“तुम्हीपण खेळता?”

“खेळतो की. मत्ते काय, गिऱ्हाइकांची तोंडं बघू?”

तो हसला. “तुमचं मराठी म्हणजे इडलीला श्रीखंड लावल्यासारखं आहे.”

“खाऊन बघितलंय काय तुम्ही?”

त्यावर नावघाट हे चाहत्यांचे संकेतस्थळ उभे राहिले. यंत्रणा त्याने बांधली, मजकूर मी लिहिला, माझी विभक्ती त्याने सुधारली. सांगली, इंदूर, बेळगाव, बडोदे, कुठून कुठून लोक आले. २००९ साली दोन हजार तीनशे सदस्य होते. पहिल्या भागातली म्हातारी खरी की भास, यावर तीन आठवडे भांडण चालले आणि त्यात दोघांनी जात काढली. एक लग्न जमले. बडोद्याच्या एकाने मुलीचे नाव नौका ठेवले. ती आता मोठी झाली असेल आणि बापाला जाब विचारत असेल. नियम उदयने लिहिले. त्यातला सातवा असा: ‘बंदी ज्याने घातली, त्यानेच उठवावी.’ चालकांनी एकमेकांचे निर्णय फिरवू नयेत म्हणून त्याने हा नियम यंत्रणेतच घट्ट बसवला. बंदी लिहिण्यावर, वाचायला घाट सर्वांना उघडा.

२०१० मध्ये कंपनीने चौथा भाग जाहीर केला. मी सदस्यांना शब्द दिला की येणार. दोन वर्षे रोज देत राहिलो. २०१२च्या ऑगस्टमध्ये उदयने घाटावर चार ओळी लिहिल्या: कंपनी बंद झाली आहे, माणसे पांगली आहेत, चौथा भाग येणार नाही, आता वाट पाहणे थांबवू या. मी ते नऊ मिनिटांत पुसले आणि त्याच्यावर बंदी घातली. कारण लिहिले, ‘अफवा पसरवणे.’

त्याचा फोन आला. “अंबाजी, खरं आहे ते.”

“असेल. पण तिथे लिहायचं नव्हतं.”

“मग कुठे लिहायचं? भिंतीवर?”

मी फोन ठेवला. सहा महिन्यांत सगळ्या जगाला कळले. तेव्हा बंदी उठवायची तर तो खरा आणि मी खोटा हे लिहून द्यावे लागले असते. मी तेरा वर्षे ते टाळले. सदस्य काही दुःखाने गेले नाहीत. दुसरीकडे जास्त गर्दी होती, तिकडे गेले. माझ्याखेरीज कुणी लिहिल्याची शेवटची नोंद मार्च २०२१ची आहे. त्यात एकाने पासवर्ड विचारला आहे.

पण घाटाच्या तळाशी एक ओळ असते: ‘सध्या घाटावर: सदस्य १, पाहुणे १.’ सदस्य मी. पाहुणा रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत यायचा, दहा मिनिटे थांबायचा, जायचा. मी धरून चाललो की तो उदय. त्याला टोचावे म्हणून दर सोमवारी काहीतरी लिहिले. सहाशेच्या वर लेख झाले. लोक मला तिरकस लेखक म्हणतात असे मी सांगत असे. ते लोक म्हणजे हा एक पाहुणा.

मे महिन्यात, गाठीची बातमी कळल्यावर, रिक्षा करून बोगादीला गेलो. उदयचे केस पांढरे झाले आहेत. त्याची मुलगी गुंजन हिने चहा दिला. मी विचारले, रोज येतोस तो तूच ना?

“मी? नाही रे. बंदीनंतर उघडलंच नाही मी ते.”

गुंजन म्हणाली, “काका, तो सर्च इंजिनचा बॉट असणार. माणूस नसतो तो. सगळ्या साइटवर फिरत असतो.”

“रोज जेवणाच्या वेळी?”

“बॉटला काय काका, कुठलीही वेळ.”

परत येताना रिक्षात मी सहाशे लेखांचा विचार केला नाही. रस्त्यावर खड्डे होते, त्यांचा केला.

तरीही, नावघाट हे संकेतस्थळ, त्याचे नाव, दुकानाच्या माळ्यावरचे ते चालवणारे यंत्र आणि एकवीस वर्षांचे सगळे लेखन मी उदय वसंत पाटणकर यास देत आहे. बांधले त्याने. शिवाय त्याला ते नको आहे, एवढी शिक्षा मी देऊ शकतो. त्याच्यावरील बंदी मी उठवत आहे. ‘अफवा’ हा शब्द मागे घेत आहे.

पुरवणी, सही करण्यापूर्वी, त्याच दिवशी.

वरचे लिहून झाले तेव्हा उदय आणि बिंदुमाधव दोघेही साक्षीदार म्हणून घरी आले. घाट उदयला देतो आहे असे मी सांगितल्यावर बिंदुमाधवांनी कन्नडमध्ये समजावले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, उद्या कुणी शंका काढते. उदयने एकच काहीतरी व्हावे, वारस किंवा साक्षीदार. साक्षीदाराला कागद वाचावा लागत नाही. उदयने वाचला. पंख्याखाली उभे राहून, एकेक पान. पाचव्या कलमापाशी थांबला.

“सोळा.”

“काय सोळा?”

“कंदील. सोळाच आहेत. सतरावा पाण्यात दिसतो तो. २०१८पासून हेच चुकीचं लिहितोयस.”

कंदिलांचा लेख मी जून २०१८ मध्ये लिहिला होता. नावघाटाखेरीज कुठेही छापलेला नाही. उदय घाटाबाहेर गेला २०१२ साली. सहाना कप उचलून आत गेली.

“मे महिन्यात नाही म्हणालास,” मी म्हणालो.

“बंदी होती ना मला. येतो म्हणून कसं सांगू?”

“मग आता घे घाट. बिंदुमाधव दुसरा साक्षीदार शोधेल.”

“नको.”

“का?”

“तू लिहायचास म्हणून यायचो. तुझ्यामागे तिथे जाऊन काय करू? कंदील मोजू?”

“कुणीतरी येईल रे.”

“कोण येणार, अंबाजी?”

२०१२ साली त्याने चार ओळींत जे लिहिले होते, ते आता तीन शब्दांत विचारले. या वेळी पुसायला बटण नव्हते. त्याने बिंदुमाधवांकडे हात केला आणि पेन मागितले.

म्हणून कलम पाचमधील देणगी रद्द. बंदी उठवल्याचे मात्र कायम. नियम सातप्रमाणे ती मी जिवंत असेपर्यंतच उठू शकत होती. आज चार वाजून दहा मिनिटांनी मी घरच्या कंप्यूटरसमोर बसून उठवली. उदयला आत यायला सांगितले. त्याला पासवर्ड आठवत नाही. नवा मागवायचा ईमेल पत्ता ज्या कंपनीचा आहे ती त्याने पंधरा वर्षांपूर्वी सोडली. वर ‘सतरा कंदील’ लिहिले आहे ते सोळा वाचावे.

कलम सहा. नावघाट कुणाचा नाही, म्हणून तो बंद करावा. हे काम यशस्विनीचे. तिला मराठी हळू वाचता येते, म्हणून वाक्ये छोटी लिहितो.

माझ्या तेराव्या दिवशी दुपारी, जेवणाच्या सुट्टीच्या वेळी, दुकानाच्या माळ्यावर जावे. शिडी हलते, खंडोजीरावांना धरायला सांगावे. यंत्राचा पडदा चालू करावा. काही लिहू नये. निरोप लिहू नये. तळाची ओळ पाहावी. त्या यंत्रावरून पाहणारा तिच्यात मोजला जात नाही. तिथे ‘सदस्य ०, पाहुणे ०’ असेल तर लगेच बंद करावे. ‘सदस्य ०, पाहुणे १’ असेल तर दहा मिनिटे थांबावे.

मग बंद करावे.

वरील सर्व मजकूर माझा असून आकड्याची दुरुस्ती एका ठिकाणी, कंदिलांपुरती, आहे.

ठिकाण: सरस्वतीपुरम, म्हैसूर
दिनांक: २१ जुलै २०२५, सोमवार

(सही) अंबाजीराव रणोजीराव माने

साक्षीदार:

१. ॲड. बिंदुमाधव. मराठी वाचता येत नाही. माझ्यासमोर सही झाली एवढे पाहिले.

२. उदय वसंत पाटणकर, बोगादी. सगळे वाचून सही केली.