चुलीत गेलेला मुकुट

५ जून
आले बाई एकदाची नांदायला! बसमधून उतरले तर आर्विद थांब्यावर उभा, हातात लायलॅकची फांदी आणि कान लालबुंद. लग्नाला दोन आठवडे झाले, अजून लाजतो. सासूबाईंनी आंबट चुक्याचं सूप केलं होतं, वर उकडलेलं अंडं. मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाल्या, शहरातली असून हाडापेराने बरी आहे. मी ते कौतुकच धरलं. तीन गाई, मधमाश्यांच्या अकरा पेट्या, मागे ओकची टेकडी. आर्विदची पहिली बायको मायगा ऑक्टोबरात न्यूमोनियाने गेली. वर्षही झालं नाही म्हणून रिगात माझ्या बहिणीने नाक मुरडलं. मुरडू दे. मला घर हवं होतं, नवरा हवा होता, दोन्ही मिळाले. यंदाच्या लीगोला, म्हणजे जूनमधल्या सर्वांत छोट्या रात्रीच्या सणाला, या घरची मालकीण ही वेल्टा. त्या रात्री घरोघर फिरणारे गाणारे आले की त्यांच्या हातात चीज आणि बिअर देणार मी.

९ जून
स्वयंपाकघराच्या दारावर खिळ्याला एक वाळका मुकुट आहे. डेझी, क्लोव्हर, कसली तरी निळी रानफुलं. कोणाचा ते विचारावं लागलं नाही. सासूबाईच म्हणाल्या, गेल्या लीगोला मायगाने घातलेला. इथे मुकुट वर्षभर जपतात आणि पुढच्या लीगोला टेकडीवरच्या आगीत जाळतात, सगळ्यांसमोर, गाणी म्हणत. वर्षाचं जे काही उरलंसुरलं असेल ते त्याच्याबरोबर जातं. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जातो, असं म्हणून मी हसले. त्या हसल्या नाहीत.

१४ जून
निंदणी करून कंबरेचा पार काटा ढिला झाला. लीगोच्या आत तण काढून झालं नाही तर गाणारे गाण्यातून अब्रू काढतात. शेजारची झेल्मा कुंपणावरून ओरडली, "अगं रिगाच्या मडमे, गाजरं उपटतेस की गवत? मायगा असती तर कधीच उरकलं असतं!" मायगा असती तर! मायगाच्या हातचं चीज, मायगाचा गळा, मायगाचं अमुक, मायगाचं तमुक. अंगाचा नुसता तिळपापड होतो. आणि आर्विद जेवताना त्या खिळ्याकडे बघत घास घेतो. समोर मी बसलेली असते. मी!

१७ जून
जाळला.
सकाळी आर्विद त्या मुकुटावरची धूळ फुंकत होता. हळूच, बाळाच्या डोळ्यातलं कुसळ काढावं तसा. तो गाई घेऊन गेला, मी स्टुलावर चढले, मुकुट काढला आणि सरळ चुलीत घातला. भुरकन पेटला. मला मत्सरी म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

१८ जून
सासूबाईंनी रिकामा खिळा पाहिला, चुलीचं दार उघडून राख पाहिली आणि मटकन खालीच बसल्या. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. म्हणाल्या, पोरी, टेकडीवर जाळलं की जाणारं माणूस जातं, चुलीत जाळलं की घरात येतं. आर्विद आत आला. चुलीजवळ खुर्ची ओढून बसला. चेहरा रागीट नव्हता. खूश होता.

२० जून
खिडक्या बंद, तरी घरात ओल्या क्लोव्हरचा वास. लीगोचं चीज करायला घेतलं. दुधात चक्का शिजवला, शहाजिरं घातलं, फडकं घ्यायला वळले. परत पाहते तर चीज फडक्यात बांधलेलं. गाठ उलटी, डावखुऱ्या माणसाची. मी डावखुरी नाही. सासूबाईंनी कडेचा तुकडा चाखला. मायगाचा हात, म्हणाल्या, आणि ॲप्रनने डोळे पुसले. परवा घाबरल्या होत्या. आज घाबरलेल्या दिसल्या नाहीत.

२१ जून
आर्विदने मायगा अशी हाक मारली. चुकून नाही. माझ्याकडे बघून नाही. माझ्या पाठीमागे बघून. मागे फक्त चूल. आणि हसला. माझ्यासाठी असा कधी हसला नाही तो. भीती नंतर वाटली. आधी जळलेच मी.

२२ जून
निंदणी पूर्ण झालेली. एका सकाळीत, मी हातही न लावता. झेल्मा शाब्बास म्हणाली. मला नाही, माझ्या खांद्यापलीकडे. तीन हाका मारल्या तिला. ऐकूच गेल्या नाहीत.
टेबलावर तीन ताटल्या. माझी नव्हती. तिसरी कोणाची, विचारलं. दोघं जेवत राहिले—

२३ जून, दुपार
मुकुट विणला. सत्तावीस फुलं, सगळी सकाळी खुडलेली. डोक्यावर ठेवला, काढला— वाळलेला. वर्षाचा जुना. बोटात चुरा होतोय.
आर्विदने उचलला. माझ्या हातातून. हात दिसलाच नाही त्याला. त्या खिळ्याला टांगला—

२३ जून, सूर्य मावळताना
अंगणात गाणारे. लीगो, लीगो. झेल्मा चिडवतेय, चीज गोल आणि मालकीण त्याहून गोल, लीगो. मालकीण मायगा, लीगो. दारातून कोणीतरी उलट चिडवतंय. गोड गळा. खरंच गोड आहे मेलीचा—
मी चुलीशी. पाय हलत नाहीत. किंचाळले. लाकडं तडतडली फक्त.
टेकडीकडे निघाले सगळे. खिडकीतून दिसतंय. आर्विदच्या डोक्यावर ओकची पानं, शेजारी ती, डाव्या हातात चीजचं ताट. माझं ताट, माझी जागा—
सासूबाई मागे राहिल्या. खिळ्यावरचा मुकुट काढला. दारात थांबल्या. माफ कर पोरी, म्हणाल्या, कुठे बघून म्हणावं ते न कळून—
आग पेटली. जुने मुकुट टाकतायत. एकेक. सासूबाई, तो यंदाचा आहे, माझा आहे, अहो, यंदाचा—
आर्विद, एकदा तरी इकडे—
केसांना धुराचा वास. माझ्याच के—