साडूचा काटा

३ मार्च
समोरच्या गाळ्यात साडूने सुक्या मेव्याचं दुकान टाकलं. माझंही सुक्या मेव्याचंच, वीस वर्षांचं. तोंडावर म्हणालो, छान, स्पर्धा हवीच. सरकारने बाजारात लुडबूड करू नये हे माझं मत जगजाहीर आहे. म्हणून तर आठ वर्षं काट्यावर सरकारी शिक्का मारून घेतला नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व. गिऱ्हाईक टिकतं ते माझ्या गोड बोलण्यामुळे.
संकल्प: समोर बघायचं नाही.

४ मार्च
बघितलं नाही. त्याच्याकडे एकोणीस माणसं गेली. काचेचं दार आपोआप उघडतं. दार बघायलाच जात असणार.

७ मार्च
बायको म्हणते, तुमच्या पोटात दुखतंय. साफ खोटं. पित्त आहे. वर म्हणाली, भाऊजींनी ताईला दुकानात बसायला गादीची खुर्ची घेतली. जेवलो नाही.

११ मार्च
बायकोला तिकडून अर्धा किलो बदाम आणायला पाठवलं. माझ्या काट्यावर चारशे सत्तर ग्रॅम. चोर लेकाचा. तीनदा मोजले. इतकं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

१२ मार्च
लुडबूड नको, पण सरकारने लबाडी पकडू नये असं मी कधी म्हटलं? वजनमाप खात्याला अर्ज केला. पानभर.

१९ मार्च, दुपार
इन्स्पेक्टर आले. मीच त्यांना समोर घेऊन गेलो. साडूचा काटा तंतोतंत. मग साहेबांनी विचारलं, तुम्ही कशावर मोजलंत? तपासला, तर माझाच काटा अर्ध्या किलोला तीस ग्रॅम कमी दाखवतो. म्हणजे इतकी वर्षं मीच गिऱ्हाइकांना जास्तीचा माल वाटतोय. साडू हसला नाही. मला चहा पाजला. ते जास्त लागलं.
दंड झाला. काटा दुरुस्त, शिक्काही बसला. चला, आता फायदाच फायदा.

२६ मार्च
आठवड्यात तीन गिऱ्हाइकं. हवा बदलली, म्हणून असेल. सरकारने छोट्या दुकानदाराला संरक्षण द्यायलाच हवं. निदान काचेच्या दारांवर बंदी. अर्जाचा मसुदा तयार.

२८ मार्च, संध्याकाळ
वीस वर्षांच्या गिऱ्हाईक मावशी आल्या. अर्धा किलो बदाम. मी नेहमीसारखा गोड बोलत होतो. त्या पिशवी उघडी धरून उभ्याच. म्हणाल्या, अजून घाला की, तुमच्याकडे गाठ बसत नाही इतकं भरतं म्हणून तर येते, नाहीतर एवढी बडबड कोण ऐकून घेणार.
मी त्यांच्या हातून पिशवी घेतली आणि गाठ मारली. सहज बसली.