वीणा मधोमध

गोदे, आधी ही चिठ्ठी पुरी वाच, मग रागाव. वाद्यांची टपालतिकिटं तू सालवार लावलीस, त्यात वीणा पार कोपऱ्यात गेली! वीणेकऱ्याला मंडपाबाहेर उभं करतं का कुणी? पहाटे मी वीणा मधोमध घेतली, शेजारी मृदंग, दोहीकडं टाळ. डिंक लावला नाय, तुझ्याच चिमट्यानं उचलली. औरंगपुऱ्यातल्या प्रदर्शनात आज नंबर पाहिजे ना? साल मांडणारे लई येतील, कागदावर कीर्तन उभं करणारी माझी एकटी लेक! पटलं नाय तर परत तुझ्यासारखं लाव, मी रुसणार नाय. पाचोडला कीर्तनाला चाललेय, भाकरी झाकलीय.

वीणेचं तिकीट आपल्या पोस्टमन फारूखचाचांनी स्वतःच्या पाकिटावरून सोडवून तुला दिलेलं. आज बघायला ते हयात नाहीत. परीक्षकांपुढं त्यांचं नाव घे.

— माय