पायऱ्या चढणारी मुलगी

दि. ९ मार्च

प्रिय वन्सं,

नमस्कार. मी बरी आहे. तुमच्या गुडघ्यांचं काय झालं ते लिहिलं नाहीत.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी गेल्या वर्षीची एक सकाळ आठवत बसले होते. साधीच सकाळ. पाणी भरलं, दूध तापवलं, यांच्या चादरी भिजत घातल्या. यांची दाढी करून दिली. हनुवटीला जरा कापलं, तर म्हणाले, "कापूस लाव आणि चल. माझ्या चेहऱ्याकडे बघतंय कोण? मी तर नाहीच." मग आम्ही दोघं कम्प्युटरपुढे बसलो. त्या सकाळचं पुढचं सांगायचंय, पण आधी तुमच्या पत्राचं.

संग्रहालयातल्या कम्प्युटर-खेळांच्या दालनाला तुमच्या दादांचं नाव देताहेत, चांगलं झालं. भाषण मी करणार नाही. त्यांच्या ग्राफच्या वह्या पाठवते, एकवीस आहेत. मात्र त्यांचं शेवटचं काम मास्तरांनी चोरलं असं तुम्ही लिहिलंय, आणि दालनाच्या समितीपुढेही तसं बोलून आलात. मास्तर यांच्या हाताखाली सव्वीस वर्षं राबले. परवा आले होते. दारातच उभे राहिले, चहा नको म्हणाले. "वहिनी, मी काही घेतलेलं नाही हो. समितीनं मला बाजूला केलं, ते जाऊ दे. घरी मुलगी विचारते, बाबा, खरं काय ते सांगा." मी त्यांच्या चपलांकडे बघत राहिले. ते गेल्यावर तुम्हाला लिहायला कागद शोधला.

तुम्हाला आठवत असेल, सुरुवातीला कम्प्युटरच्या खेळांत पडद्यावरची माणसं चालत नसत, नुसती घसरत. त्यांना जमिनीवर पाय टेकायला पहिल्यांदा यांनी शिकवलं. पेपरात तसं छापून येतं आणि ते खरंच आहे. तेव्हा कम्प्युटरमध्ये जागा इतकी थोडी, की चालण्याची आठच चित्रं मावायची. आठांत माणूस चालला पाहिजे. हे दारात पेन्सिल घेऊन बसत आणि मला म्हणत, "परत जा. बादली घेऊन ये. सावकाश." मी लहानपणापासून डाव्या पायानं अधू. लग्नाला चार वर्षं झाली होती. इतकं टक लावून त्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं. चाळीसदा तरी आले असेन. एक दिवस तर केस नीट विंचरून आले.

खेळ बाजारात आला तेव्हा कळलं. ती थेरडी. बादली घेऊन लंगडत येते आणि तिला दगड मारायचे. पडली की पोरं टाळ्या पिटायची. तुमच्याच घरी, सगळ्यांसमोर, तुम्ही ओरडलात, "अय्या वहिनी, ही तर तू!" तुमचे यजमान खरीखुरी बादली घेऊन खोलीभर लंगडत फिरले. हेही हसले. घरी आल्यावर मी विचारलं, तर म्हणाले, "ओळखू आलीस म्हणजे चाल जमली. रडतेस काय? आता तुझ्यावरच घर चालणार आहे." चाललंच. बक्षीस घेताना कुणी विचारलं, ही चाल सुचली कुठून. म्हणाले, "डोळे उघडे ठेवायचे."

साखरेनं ते डोळे गेले, तेव्हा त्यांच्या वतीनं मी बघायला लागले. माझी शाळा चौथीपर्यंतची. बाकीचं त्यांची पुस्तकं झटकता झटकता वाचून शिकले. ते सांगत, मी एकेक ओळ टाइप करी. कंस राहिला की खेकसत, "भाजीत मीठ विसरतेस ते मी गिळतो. हा कम्प्युटर गिळत नाही." शेवटचं काम म्हणजे एक मुलगी, पायऱ्या चढणारी. खेळबिळ काही नाही. तिची सावली प्रत्येक पायरीवर मोडून पडली पाहिजे, पाऊल आणि सावली तंतोतंत भेटली पाहिजे. असं अजून कुणी केलेलं नाही, म्हणत. पूर्ण होईपर्यंत मास्तरांनाही दाखवायचं नाही, असा हुकूम होता.

आता ती सकाळ. मी कळ दाबली आणि ती चढली, वन्सं. हलकी, सरळ, सावली पायाला धरून. मी तोंडावर हात ठेवला.

"काय दिसतंय?" यांनी विचारलं. "डावा पाय कसा पडतोय?"

मी म्हणाले, "लंगडतेय."

ते ठरवून नव्हतं. त्यानंतरचं मात्र ठरवून होतं. सात महिने मी रोज तेच सांगितलं. ते नवे आकडे सांगत, मी कळा वाजवी आणि जुनेच ठेवी. ती रोज सुरेख चढे. यांचं जेवण तुटलं. झोपेत आकडे पुटपुटत. एकदा स्वतःच्याच डाव्या मांडीवर बुक्क्या मारल्या. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. दोन्ही लिहिते, कारण दोन्ही खरं.

शेवटी एका संध्याकाळी म्हणाले, "सोड. संपलो मी. ही तू होतीस. म्हटलं, एकदा तुला नीट चालवावं. नाही जमलं. सगळं पुसून टाक, प्रतही ठेवू नकोस. लोक हसतील."

'जमलंय' एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आला होता. पण त्यांचा तो 'नीट' कानात बसला. मी त्यांचं पांघरूण सारखं केलं आणि दिवा लावला. अकरा दिवसांनी ते गेले. आपल्याला जमलं नाही, हेच धरून गेले.

मास्तरांच्या घरी जाऊन माफी मागा, त्यांच्या मुलीसमोर. समितीला हे पत्र वाचून दाखवा, एकही ओळ न गाळता. तुमची ती 'ही तर तू!' ओळही गाळू नका.

त्या संध्याकाळच्या दुसऱ्या दिवशी, हे झोपलेले असताना, मी ती मुलगी एकदा वरपर्यंत चढताना पाहिली आणि पुसून टाकली.

तुमची,
वहिनी