दारावरची निळी फुली

मी, खाली सही करणारी, नव्या रस्त्यावरच्या काचेच्या दुकानाची मालकीण, हे मृत्युपत्र कोणाच्या भरीला न पडता स्वतःच्या मनाने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. सगळे थोरल्या भावाला देणारे माझे आधीचे मृत्युपत्र आज रद्द करते; कारण कलम तीनमध्ये सापडेल.

१. दुकान, वरची खोली आणि बँकेतली शिल्लक माझ्या भाचीला, म्हणजे त्याच भावाच्या मुलीला, द्यावी. मला मूलबाळ नाही आणि ती माझ्याच हाताखाली तयार झाली. काच कापायची हिरकणीही तिलाच. ती माझ्या यजमानांची आहे, कोणी कितीही गोड बोलले तरी उसनी देऊ नये.

२. माझी शिडी शेजारच्या घड्याळजीने "आत्ता आणून देतो" म्हणून नेली, ती अजून त्याच्याकडेच आहे. ती त्याचीच झाली असे समजावे, म्हणजे निदान मला पोचवायला तरी तो तोंड न लपवता येईल.

३. शहराला आग लागली तेव्हा आमची गल्ली वाऱ्याच्या तोंडावर होती. आग अडवायला एक घर पाडून मोकळी जागा करायची ठरली. आमच्या दारावर पाडायच्या घराची फुली दिसली आणि आम्ही मुकाट्याने बाहेर पडलो. यजमान काचा वाचवायला परत आत गेले आणि भिंत त्यांच्या पायावर आली. पुन्हा त्यांना उभ्याने काम जमले नाही, म्हणून हिरकणी मी हातात घेतली. त्याच संध्याकाळी वारा फिरला. आग आमच्या गल्लीत आलीच नाही.

पुढे शहर नव्याने बांधले गेले, रस्ते रुंद झाले, घर जळालेल्यांना जागा मिळाल्या. जागा वाटणारा कारकून मला म्हणाला, "बाई, तुमचं घर जळालं कुठे? ते तर पाडलंय." तेव्हा जुन्या घराच्या शेजारीच राहणाऱ्या दादाने आपल्या घरातल्या दोन खोल्या आम्हाला दिल्या. मी जन्मभर त्याचे उपकार मानले. नव्या शहरात मी किती खिडक्यांना काचा बसवल्या कोण जाणे, पण पहिली काच त्याच्या शिवणाच्या टेबलासमोरच्या खिडकीला बसवली.

परवा आगीच्या बंबावरचा म्हातारा पहारवाला दुकानात काच न्यायला आला. आमचे घर त्यानेच पहारीने पाडले होते. बोलता बोलता म्हणाला, "फुली मी शेजारच्या दारावर मारली होती. पहार घेऊन आलो तर तुमच्या दारावर. म्हटलं, साहेबांनी बदलली असेल. पण निळ्या खडूची होती हो. आमचा खडू पांढरा."

माझ्या हातातली काच तिथेच पडली. ती निळी फुली मीही पाहिली होती. दादा शिंपी आहे, निळा खडू आजही त्याच्या खिशात असतो. इतकी वर्षे हे माझ्या डोक्यात कसे आले नाही, ते मला कळत नाही.

तशीच उठून त्याच्याकडे गेले. विचारले, "दादा, फुली तू मारलीस?" मला वाटले, तो नाही म्हणेल. सुईत दोरा ओवता ओवता तो थांबला. "पोरं लहान होती गं माझी," एवढेच म्हणाला. मी तिथून थेट मृत्युपत्र करायला एका वकीलबाईंकडे गेले.

४. दादाला काही देऊ नये. वकीलबाई म्हणतात, जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. म्हणून मी त्यालाच साक्षीदार केले आहे. त्याने हे सारे मुलीच्या देखत मोठ्याने वाचावे आणि मग सही करावी. टेबलासमोरची ती काच कधी फुटली तर मात्र भाचीने फुकट बदलून द्यावी. त्याला आता कमी दिसते.

स्थळ: काचेचे दुकान
दिनांक: आगीची तारीख, मुद्दाम निवडलेली

सही: दुकानाची मालकीण

साक्षीदार १: पहारवाला (अंगठा)

साक्षीदार २: थोरला भाऊ, शिंपी
सहीखाली त्याच्याच हातचे: वाचले. सगळे खरे आहे. काच फुटली तर बदलू नये.