काकडीच्या चार बरण्या

१२ जून २०१९, बुधवार

माफ कर. सात महिने तुला उघडलं नाही. आधी हिवाळा, मग २७ एप्रिल, आणि त्यानंतर काय लिहायचं तेच कळेना. मागची पानं उलटणार नाही. तिथे मी आणि ओता अजून विमान बांधतोय, आणि दर ओळीला उद्गारचिन्ह आहे.

जे झालं ते लिहिते. २७ एप्रिलला माझा मोठा भाऊ ओताकर, म्हणजे ओता, आम्ही दोघांनी सहा वर्षं खपून बांधलेलं विमान घेऊन उडाला. शंभर मीटरवर इंजिन गचके खाऊन बंद पडलं. त्याने ते मोहरीच्या शेतात उतरवलं. कमरेचे दोन मणके गेले. कुबड्यांवर चालतो.

चौकशीवाल्यांचं पत्र आलंय — वैमानिकाने इंधनाचा जादा पंप चालू केला नसावा. बटण बंद सापडलं. मान्य असेल तर २४ तारखेला सही. ओता करणार. ‘मला आठवत नाही, म्हणजे विसरलोच असेन,’ म्हणतो.

मला काही वाटत नाही. वाटायला हवं, म्हणून नोंदवून ठेवते.

१४ जून, शुक्रवार

जादा पंप बंद असला तरी इंजिनाचा स्वतःचा पंप असतो. एकदम बंद पडायला नको. आणि शेतात उतरताना कुठलाही शहाणा माणूस सगळी बटणं बंद करतो — ओता तर करतोच. हे चौकशीवाल्यांना सुचलं नाही?

शाळा सुटल्यावर विमान-क्लबच्या हँगरमध्ये गेले, आमचं मोडकं विमान तिथेच ठेवलंय. इंधन चार बारीक नळ्यांनी चार सिलिंडरना जातं. नळ्यांची तोंडं सोडवून चार बरण्यांत धरली, जादा पंप एक मिनिट चालवला. बरण्या हेद्विकावहिनीच्या, लोणच्याच्या काकड्यांच्या.

शेस्ताक, क्लबचा म्हातारा मेकॅनिक, दारातून म्हणाला, “मास्तरीणबाई, लोणच्यात शेपू घालायचा राहिला की!”

चारही बरण्या सारख्या भरल्या. म्हणजे इंजिन ठीक. म्हणजे चूक ओताचीच.

१५ जून, शनिवार

आणखी सहा वेळा. सारख्याच.

१८ जून, मंगळवार

ओताकडे. बागेतल्या बाकावर धावपट्टीकडे पाठ करून बसला होता. मी नेलेले कोलाचे, खसखस भरलेले गोड पाव, बाजूला सारले.

“काय गं ब्लांका, शाळेत तपासायला पेपर उरले नाहीत का?”

“इंजिन तपासतेय.”

“तपास. पण मला सोडवायला तपासू नकोस. उत्तर आधी लिहून मग गणित सोडवायचं, असं शिकवतेस पोरांना?”

डोक्यावरून एक ग्लायडर गेलं. त्याने मान वर केली नाही. चाळीस वर्षांत असं पाहिलं नव्हतं.

निघताना वहिनी हळूच म्हणाली, “विमान चालवायचा परवाना भिंतीवरून काढलाय. तेवढी जागा पांढरी राहिलीय बघ.”

खरंच, मी त्याला सोडवायलाच तपासतेय का? हो.

२१ जून, शुक्रवार

अकराव्या खेपेला दोन बरण्या अर्ध्याच भरल्या! बाराव्याला पुन्हा सारख्या. तेराव्याला तीन नंबरची जवळजवळ कोरडी.

शेस्ताक हसला नाही. जिथून चार नळ्या फुटतात ती छोटी डबी त्याने उघडली. आत पांढरा तंतू, नखाएवढा. कधी आडवा यायचा, कधी नाही. त्याने चिमट्याने उजेडात धरला.

“टेफ्लॉन टेप. नळाला गुंडाळतात ती. कुठल्या गाढवाने लावली?”

ओताने नाही. टेप दिसली तरी तो भांडायचा — “ही न्हाणीघरात, विमानात नाही!”

“या डबीला येणारा पाईप जुना घेतला होता,” मी म्हटलं. “त्याच्याबरोबर आली असेल.” फार पटकन म्हटलं.

ओता सुटला, तर आनंद व्हायला हवा होता. बरण्या धुतल्या. दोनदा.

२२ जून, शनिवार

ओताला फोन. टेपचं सांगितलं.

“टेप? मग मीच लावली असेन.”

“तू? तू तर—”

“त्या थंडीत काय काय केलं, कुणाला आठवतंय? आठवत नाही, म्हणजे लावलीच असेन. सोमवारी तसंच लिहून देतो. सहीच करायची ना? ही नाही तर ती.”

पाईप जुना होता, हे त्यालाही सांगू शकले असते. सांगितलं नाही. तो पाईप नवा होता. पावती मीच फाइलला लावून ठेवलीय.

मग टेप कुणी? मला आठवत नाही. असं लिहिताना हात थांबला. हे वाक्य तर ओताचं.

२३ जून, रविवार

मागची पानं उलटली. ३ नोव्हेंबर, माझंच अक्षर — ‘इंधनाच्या पाईपच्या सांध्यातली गळती थांबली! टेपचे चार वेढे, एक थेंब नाही! ओता पाव आणायला गेला होता. त्याला सांगितलं नाही, उगाच भाषण नको!’

उद्या, त्याने सही करायच्या आत, हे पान त्याला वाचून दाखवणे.